जुनं नाशिक, गंगेपासून टेकापर्यंत: फोटो, गल्ल्या, वाडे (तुमच्या जागा पण सांगा)

तिवंधेकर | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीनंतर दर रविवारी सकाळी साडेसहाला मी रविवार कारंजावर गाडी लावतो आणि तिथून चालत जुन्या गावात शिरतो, नऊ-साडेनऊपर्यंत फोटो काढत फिरतो, मग मिसळ आणि घरी. आता बऱ्यापैकी फोटो जमलेत म्हणून धागा काढतोय, कारण एकट्याने फिरून सगळं सापडत नाही, आणि इथे बरेच जण त्या गल्ल्यांत वाढलेले आहेत.

हे सुरू का केलं ते आधी सांगतो. माझं आजोळ तिवंध्याजवळच्या एका वाड्यात होतं, भाड्याच्या दोन खोल्या, पण माझ्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथेच गेल्या. सात वर्षांपूर्वी तो वाडा उतरवला. नंतर घरात शोधलं तर वाड्याचा म्हणून काढलेला एकही फोटो कोणाकडे नाही. मावशीच्या लग्नाच्या अल्बममध्ये एका फोटोत नवरा-नवरीच्या मागे देवडीचा (दारातून आत शिरल्यावरच्या पडवीचा) खांब आलाय, तोही अर्धाच. वरच्या बाजूला कोरलेली केळफुलाची नक्षी दिसते, आणि त्याच्यावरून कोणीतरी लायटिंगच्या माळेची वायर गुंडाळून नेलीय. तेवढाच वाडा आमच्याकडे उरलाय. आई म्हणते त्याच खांबाला टेकून आजी तांदूळ निवडायची. तो फोटो मोबाईलवर झूम करून करून बघितला आणि एक दिवस वाटलं की जे उभं आहे त्याचे तरी नीट फोटो काढू.

सुरुवातीला नुसता दिसेल तो दरवाजा टिपत होतो. दोनेक महिन्यांनी लक्षात आलं की सगळे फोटो सारखेच वाटतायत, गाव काही त्यात येत नाहीये. मग एका ज्येष्ठ ओळखीच्यांनी सांगितलं की जुनं नाशिक उंचीनुसार बघ. "नाशिक नव टेकांवर वसविले" ही म्हण लहानपणापासून ऐकलेली, पण पायाला कधी जाणवली नव्हती. जुनी गढी, पठाणपुरा, कोकणीपुरा, डिंगर आळी, चित्रघंटा, म्हसरूळ टेक ही त्यातलीच टेकं. आता मी दर वेळी गंगेवरून सुरू करतो (बाहेरगावच्यांसाठी, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) आणि चढत चढत वर जातो. खाली सगळा दगड, घाट, पायऱ्या, देवळं. मग भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपूल हा सखल पट्टा. दहीपुलाला पूल का म्हणायचं ते कित्येकांना माहीतच नाही, तिथून सरस्वती नाला वाहायचा, तो आता रस्त्याखाली झाकलाय, जोराचा पाऊस झाला की पाणी आधी इथेच शिरतं. आणि मग एकदम चढ लागतो, गल्ली अरुंद होते, आणि वाड्यांची जोती (दगडी चौथरे) दिसायला लागतात. एकाच गल्लीत खालच्या टोकाच्या घराला पाच पायऱ्या आणि वरच्या टोकाच्या घराला एक, कारण जोतं सरळ रेषेत ठेवायचं आणि गल्ली मात्र उतरत जाते. हे एकदा डोळ्यात बसलं की फोटो आपोआप वेगळे यायला लागतात. मी आता दरवाज्याचा फोटो काढतानाही पायऱ्या आणि उतार फ्रेममध्ये ठेवतोच.

उजेडाचं माझं गणित असं. गाव गंगेच्या पश्चिमेला आणि पंचवटी पूर्वेला, त्यामुळे सकाळचं ऊन पंचवटीच्या मागून येऊन गावाच्या अंगावर पडतं आणि संध्याकाळचं पंचवटीवर. सुंदरनारायण सकाळीच करायचं. देऊळ १७५६चं, गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी बांधलेलं, पूर्वेला तोंड, आणि २१ मार्चच्या आसपास उगवतीचे किरण थेट मूर्तीवर जातात. पण त्या दिवसाची गर्दी टाळून साध्या थंडीतल्या दिवशी गेलात तर कमानींवरचं कोरीवकाम तिरप्या उन्हात इतकं उठून येतं की दुपारी बघितलेलं हेच देऊळ का असं वाटावं.

मला हव्यात तीन गोष्टी. एक, ज्यांच्या वाड्यात आत येऊन फोटो काढू देतील अशा जागा. दोन, पंचवटीच्या बाजूला मी कमी फिरलोय, तिथलं सांगा. तीन, फोटोत नक्की काय काय घ्यायचं हे बांधकाम कळणाऱ्या कोणीतरी सांगा, कारण वाडा गेल्यावर नुसता सुंदर फोटो असून कळत नाही की तो उभा कसा होता.

कडीपाट | रविवार, रात्री ११:०५

मस्त धागा. जोत्याचं निरीक्षण एकदम बरोबर आहे, फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

मी या क्षेत्रात काम करतो म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं सांगतो. सगळे समोरचा दरवाजा आणि वरचा सज्जा काढतात, हरकत नाही, पण प्रत्येक वाड्याचे अजून थोडे फोटो घ्या. देवडीत उभं राहून चौक दिसेल असा एक. चौकातून वर बघून एक, म्हणजे मजले किती, खण किती, कौलं आहेत की पत्रे झालेत हे कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथला जवळून. खांबावर हस्त (आडवा लाकडी आधार) असतो, त्याच्यावर तुळई, तुळईवर कडीपाट (कड्या आणि फळ्यांचं छत), आणि जुन्या कामात हे सगळं खाच आणि कुसू करून बसवलेलं असतं, खिळा क्वचितच. वाडा उतरवताना हाच सांधा करवतीने कापतात आणि सागवान विकलं जातं, मग तो सांधा कसा होता हे सांगायला कोणी राहत नाही. खांबाखाली दगडी तळखडा (बैठकीचा दगड) असेल तर तोही घ्या. आणि फ्रेममध्ये माप कळेल असं काहीतरी असू द्या, माणूस, तांब्या, चप्पल, काहीही.

तुमच्या मावशीच्या लग्नातल्या फोटोबद्दल. खांबाच्या वर नक्षी आहे म्हणता, तर तिथून महिरप (नक्षीची कमान) निघत होती का ते बघा. निमुळता सुरूचा खांब, वर पाकळ्यांची महिरप आणि खाली लोंबणारं केळफूल ही पेशवाईतली आवडती रचना. अर्ध्या खांबावरूनही बरंच काढता येतं, स्कॅन करून टाका इथे.

आणि सरकारवाडा चुकवू नका. खाली काळ्या दगडाचं भक्कम काम, वर लाकडी खांब, तो फरक एका फ्रेममध्ये येतो. वाड्याचं नाव एवढं रुजलंय की त्या भागाचं पोलीस स्टेशनसुद्धा सरकारवाडा.

गंगाकाठचा काका | सोमवार, सकाळी ७:१५

पंचवटीकडचं मी सांगतो, जन्म इथलाच, वय ६८.

संध्याकाळी पाचच्या सुमारास नारोशंकराच्या देवळासमोर या. देऊळ रामेश्वराचं, पण सगळे नारोशंकरच म्हणतात, सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ला बांधलं. भोवती तट, कोपऱ्यांवर छत्र्या, आणि समोर वरती ती घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ला वसई घेतली त्यानंतर आलेली ही पोर्तुगीज घंटा, तिच्यावर १७२१ साल आहे. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला आमच्याकडे अजून "नारोशंकराची घंटा" म्हणतात. मावळतीचं ऊन शिखरावर पडतं तेव्हा शिखराच्या अंगावरच्या लहान लहान प्रतिकृती एकेक वेगळ्या दिसतात.

तिथून जवळच दुतोंड्या मारुती. पर्यटक त्याचा नुसता मूर्ती म्हणून फोटो काढतात, आमच्यासाठी तो पुराची पट्टी आहे. "किती पाणी?" "मारुतीच्या कमरेला." एवढ्यावर गावाला कळतं. १९६९चा पूर मी लहानपणी बघितलाय, २००८, २०१६ आणि २०१९चे चांगले आठवतात. तुम्ही उंचीचं म्हणालात म्हणून सांगतो, पावसाळ्यात मारुतीचा फोटो एकाच जागेवरून काढत जा, उन्हाळ्यातला आणि पुरातला शेजारी शेजारी ठेवा, तुमच्या टेकांचा अर्थ लागेल. पुरात खाली उतरायचं नाही मात्र, पुलावरून काढा.

काळारामाला सकाळी. पूर्वेचा दरवाजा, रामशेजच्या खाणीतला काळा दगड, सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं देऊळ. चारी बाजूंच्या ओवऱ्यांत बसून बघा, घाईने बाहेर पडू नका. आणि त्या दारासमोर उभे राहाल तेव्हा २ मार्च १९३० लक्षात असू द्या. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथेच सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते, पाच वर्षं लढा चालला तरी दार उघडलं नाही, आणि १९३५ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. माझे वडील त्या दारासमोरून जाताना दर वेळी हे सांगायचे. फोटोखाली ओळ लिहाल तर दगड आणि सरदार दोन्ही लिहा, पण हे वगळू नका.

एक विनंती आहे, रागावू नका. रामकुंडावर रोज लोक अस्थी घेऊन येतात, दहावं-तेरावं करतात. केस काढून बसलेल्या मुलाचा चेहरा लांबच्या लेन्सने टिपणारे मी बघितलेत. ते करू नका. कपालेश्वराच्या पायऱ्यांवर चढून वरून कुंड घ्या, माणसं लहान दिसतात, कोणाचं दुःख ओळखू येत नाही आणि कुंडाचा आकारही नीट येतो.

माजघर | सोमवार, दुपारी २:३०

मी गेली २२ वर्षं अशाच एका वाड्यात राहते, सून म्हणून आले. धागा वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत कॅमेरे घेऊन मुलं-मुली येतात. दारासमोर उभं राहून पोज देतात, दिंडी (मोठ्या दारातलं छोटं दार) ढकलून आत डोकावतात, एकदा तर सासूबाई न्हाणीतून निघाल्या आणि चौकात अनोळखी मुलगा उभा. "काकू जरा बाजूला व्हा ना" असंही ऐकलंय, स्वतःच्या ओट्यावर. आणि नंतर ते फोटो येतात त्यात सगळं कसं छान पिवळं पिवळं, दिव्यांसारखं. आम्ही पावसाळ्यात माजघरात चार पातेली मांडतो ते त्यात नसतं. मागची भिंत पांढऱ्या मातीची, दर वर्षी फुगते. मेच्या अखेरीला धोकादायक इमारत म्हणून नोटीस येते, आम्ही ती ठेवून देतो, कारण मालक आणि भाडेकरू यांचं कोर्टात चालू आहे तोवर दुरुस्तीला कोणी हात लावत नाही. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या वाड्याचा सज्जा रात्री दोनला खाली आला, नशिबाने खाली कोणी नव्हतं.

वाडा वाईट आहे असं म्हणत नाहीये मी. उन्हाळ्यात आमच्या माजघरात पंख्याशिवाय झोप लागते. पण ज्याला फोटो काढायचाय त्याने पातेली पण काढावीत असं मला मनापासून वाटतं.

तिवंधेकर | सोमवार, रात्री ८:५०

ताई, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. मी कधी दिंडी ढकलून आत गेलो नाही, पण बाहेरून न विचारता ओट्यांचे फोटो मात्र भरपूर काढलेत, ते चुकलंच. या रविवारपासून आधी हाक मारायची, नाव सांगायचं, नाही म्हणाले तर पुढे जायचं. आणि पातेल्यांचं म्हणताय ते पटलं. आमच्या आजीकडेही होती, एक पितळी गंगाळ जिन्याखाली ठेवायची, त्यात थेंब पडायचा त्याचा आवाज मला झोपेत यायचा, आणि तुम्ही लिहीपर्यंत मी ते विसरून गेलो होतो.

काका, मारुतीचं काम घेतलं अंगावर. एप्रिलपासून दर महिन्याला एक फोटो, पुलावरून, एकाच कठड्यापासून.

सातपूरचा | सोमवार, रात्री १०:२०

मोबाईलवाल्यांसाठी थोडं, कारण सगळ्यांकडे कॅमेरा नसतो. अरुंद गल्लीत आपण लगेच वाईड करतो आणि मग वाडे मागे कलंडल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा एक एक्स वरच ठेवा, समोरच्या ओट्याला पाठ टेकून (विचारून) मोबाईल छातीशी सरळ धरा, वर करू नका, उभ्या रेषा उभ्याच राहतात. आख्खा वाडा नाही बसला तर नाही बसला, खालचा निम्मा नीट काढा. दुसरं, गल्लीत सावली आणि वर आकाश पांढरं फटक होतं, तर स्क्रीनवर उजेडाच्या भागावर बोट दाबून धरा, लॉक होतं, मग लाकडाचा काळपटपणा जसा आहे तसा येतो. फिल्टर मारून लाकूड केशरी करू नका भो, जुनं सागवान तसं नसतंच.

आणि भांडी बाजार दुकानं उघडायच्या वेळी करा. पितळी घागरी, गंगाळं, समया बाहेर मांडत असतात तेव्हा सकाळचं ऊन त्यांच्यावर पडून समोरच्या दुकानाच्या छतावर उजेडाचे गोल नाचतात, ते दहा मिनिटंच असतं.

दिल्ली दरवाजा | मंगळवार, सकाळी ९:००

रंगपंचमी विसरले सगळे! जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे दगडी हौद, पेशवेकाळापासूनचे. वर्षभर रस्त्याखाली असतात, वर लाकडं टाकून माती घालून बुजवलेल्या, त्यावरून रिक्षा जातात. रंगपंचमीच्या आधी उकरतात, पूजा होते, फुलं-पानं उकळून रंग करतात, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. आणि मग धप्पा, म्हणजे रहाडीत उडी! शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन इथे बघा. धप्प्याचे फोटो सगळ्यांकडे आहेत, माझं म्हणणं असं की आदल्या दिवशी या, रहाड रिकामी असते तेव्हा आतलं दगडी बांधकाम दिसतं. तिवंधेकर, तुमच्या आजोळच्या जवळचीच आहे की ती.

गल्ल्यांच्या नावांचे पण फोटो काढा. दिल्ली दरवाजा, नाव दरवाजा, दरवाजे कधीच गेले, पत्त्यात राहिलेत.

त्रिरश्मी | मंगळवार, दुपारी १२:४०

गावाबाहेरचं आहे पण धाग्याला धरून आहे. कडीपाट यांनी सांध्याचं लिहिलं तर पांडवलेणीला जाऊन अठरा नंबरचं चैत्य (बौद्ध प्रार्थनागृह) बघा. दर्शनी कमानीत लाकडी वासे आहेत तसे वासे दगडात कोरलेत, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथला सुतार लाकडाची घरं कशी बांधत होता ते दगडात राहून गेलंय. तीन नंबरमध्ये ओसरीच्या खाली सहा यक्ष आख्खं लेणं खांद्यावर घेऊन उभे आहेत, सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख तिथलाच. दहा नंबर क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं. एकूण २४ लेणी, तोंड उत्तरेकडे, त्यामुळे दिवसभर उजेड मऊ असतो, भर दुपारीसुद्धा फोटो जमतात. गावात ऊन डोक्यावर आलं की तिकडे सरकायचं.

आणि शरणपूर. रोज तिथून जाणाऱ्यांनाही माहीत नसतं की मिशनच्या त्या वस्तीत गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहून शिकली. आफ्रिकेत फिरलेल्या संशोधक लिव्हिंग्स्टनचं पार्थिव घेऊन १८७४ला इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट इथलाच विद्यार्थी. गावातल्या फोटोंबरोबर तो भागही घ्या, नाशिक नुसतं वाडे आणि देवळांचं नाही.

तिवंधेकर | रविवार, रात्री ९:१०

आज 'माजघर' ताईंकडे जाऊन आलो. त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवून बोलावलं होतं, पत्ता अर्थातच इथे देत नाही. नऊला गेलो तर म्हणाल्या आत्ता नाही, आमच्या चौकात ऊन अकराला उतरतं, तोवर चहा घ्या. बसलो. अकराला खरंच वरच्या पन्हाळीच्या कडेवरून ऊन आत आलं, आधी तुळशीवर, मग हळूहळू दगडी डोणीवर, आणि अर्ध्या तासात पुन्हा गेलं.

पातेली काढली. आता कोरडी आहेत, पण कुठल्या कुठल्या जागी ठेवतात ते जमिनीवर गोल उमटलंय, चार गोल, शेणाने सारवलेल्या जमिनीत. कडीपाट, सांध्याचे पाच फोटो आलेत, एकात तळखड्यापाशी ताईंच्या मुलाचा क्रिकेटचा बॉल आहे मापाला.

सासूबाई सगळा वेळ ओसरीवर बसून बघत होत्या. निघताना म्हणाल्या, सगळे बाहेरून दार काढतात, आम्ही तर दार आतून बघतो ना रे, आतून काढ की. तोपर्यंत मला हे सुचलंच नव्हतं. आतून त्या दाराला नक्षी नाहीच. सपाट फळ्या, लोखंडी पट्ट्या, कडी, कोयंडा, आणि भिंतीत एक खोल चौकोनी भोक ज्यात अडसर सरकवून ठेवतात. अडसर त्यांनी स्वतः ओढून दाखवला, जवळजवळ पाच फूट लांब, एका बाजूने हात लागून लागून काचेसारखा गुळगुळीत झालेला. १९७१ला लग्न होऊन आले तेव्हापासून रोज रात्री मी लावते म्हणाल्या. फोटोत त्यांचा हात आणि अडसर एवढंच घेतलंय, चेहरा नको म्हणाल्या. आठ बाय बाराची प्रिंट काढून पुढच्या रविवारी द्यायची आहे, त्यांनी ती देवघराशेजारच्या कोनाड्यात लावायचं ठरवलंय.

लग्नातला खांब स्कॅन करून टाकतोय थोड्या वेळात. कडीपाट, महिरप निघत होती का ते बघून सांगा, मला तिथे रेघ दिसतेय पण ती लाकडाची आहे की फोटोची घडी आहे ते कळत नाहीये.

कडीपाट | रविवार, रात्री ११:३०

स्कॅन बघितला. घडी नाहीये, महिरपच आहे, पहिली पाकळी सुरू होतेय. मोठा करून मोजला तर खांबाची जाडी आणि पाकळीची वळण यावरून कमान साधारण सहा-सात फुटांची निघते. म्हणजे खांब जोडीचा असणार, दुसरा नवरदेवाच्या उजवीकडे, फोटोच्या बाहेर. आईंना विचारा आजी कुठल्या खांबाला टेकायची, डावा की उजवा. सांगितलं तर मी कागदावर देवडी काढून देतो.

तिवंधेकर | रविवार, रात्री ११:४५

आई जागी आहे, विचारलं. डावा. फोटोत आलाय तोच.